पिशवी, सुरण आणि तोमोएचा खांदा

हे लिहिताना माझ्या पोटाला उजव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली आहे आणि तिच्यात माझी विष्ठा आहे. हे वाक्य वाचून ज्यांना किळस आली त्यांचं काही चुकलं नाही. मलाही येते. दिवसातून सहा वेळा ती पिशवी रिकामी करते आणि सहाही वेळा येते. 'आता ती माझी मैत्रीणच झालीय' असं लिहिणाऱ्या बायका मी इंटरनेटवर पुष्कळ वाचल्या. त्यांचं त्यांना लखलाभ. माझी ती मैत्रीण वगैरे नाही. पिशवी आहे.

तरीही लिहायला बसले, कारण आत्ता कुठेतरी, नाशकात नाहीतर न्यू जर्सीत, एखादी बाई संडासाचं दार लावून बसली असेल. फ्लश करताना खाली बघायचं टाळत असेल आणि बाहेर येऊन 'जरा उष्णता झालीय' म्हणत असेल. मी ती बाई होते. सात महिने होते. तिला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं असं मला वाटतं, आणि ते शक्य नाही म्हणून हे.

मी मंजिरी, वय बेचाळीस, मूळची नागपूरची. नवरा नितीन आणि बारा वर्षांची लेक रेवा यांच्यासोबत टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहते. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, त्यांची नोंद करायची आणि त्या लपवू पाहणाऱ्यांच्या मागे लागायचं. या कामाबद्दल मला पगार आणि शाबासकी दोन्ही मिळतात. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

तोमोए

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका जुन्या गोदामात बॅडमिंटनचा क्लब आहे. संध्याकाळी पार्किंगमध्ये आमच्यासारखे आईबाप गाडीत लॅपटॉप उघडून बसतात आणि आत मुलं घाम गाळतात. तोमोए ही तिथली कोच. जपानची, पंचेचाळिशीची, बुटकी, खांद्यापर्यंत कापलेले केस, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. रेवा तिच्याकडे शिकायची.

क्लबात शनिवारी मोठ्यांची लीग असते. प्रत्येक कोचने एका साध्या सभासदाबरोबर जोडी करायची असा तिथला नियम. मी कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळायचे हे रेवाने तिला सांगून ठेवलं होतं. एक दिवस तोमोए माझ्या गाडीची काच वाजवून म्हणाली, "शनिवारी तू. मागे मी, पुढे तू." तिचं इंग्रजी इतकंच असतं, आणि मी ते इथे मराठीत लिहिते आहे. तिने मला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

तिची सगळी कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली. रॅकेटच्या मुठीवर पट्टी गुंडाळता गुंडाळता ती एखादं वाक्य बोलायची आणि पट्टी संपली की गप्प. ती बर्फाच्या गावची. शाळेचा हॉल इतका गार असायचा की पहिला अर्धा तास बोटांनी रॅकेट धरवत नसे. सिंगल्समध्ये ती वाईट होती. "एकटीला कोर्ट मोठं वाटायचं," असं ती म्हणाली होती. शाळा संपल्यावर तिला एका कंपनीने नोकरीवर घेतलं. तिकडे मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे संघ असतात. सकाळी ऑफिसचं काम, दुपारनंतर सराव. तोमोए सकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ऑर्डरी टाइप करायची आणि दुपारी स्मॅश मारायची. संघात सगळ्यांत लहान म्हणून पहिली दोन वर्षं मोठ्या खेळाडूंचा कोर्टवर पडलेला घाम गुडघ्यांवर बसून फडक्याने पुसणं हेही तिचंच काम.

मग प्रशिक्षकांनी तिची जोडी रिए नावाच्या मुलीशी लावली. नऊ वर्षं त्या दोघी एका खोलीत राहिल्या, बसमध्ये एका सीटवर बसल्या. पेपरवाले दोघींच्या आडनावांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून एकच नाव छापायचे. पार राष्ट्रीय संघाच्या दारापर्यंत पोचल्या. त्यापुढे काय झालं ते मात्र तोमोए सांगत नसे. पुढचं वाक्य एकदम टेक्ससचं असायचं.

तिची एक पद्धत होती. मॅचच्या आधी आम्ही दोघींनी मागच्या रेषेपाशी समोरासमोर उभं राहायचं आणि आज कुठे दुखतंय ते सांगायचं, दहापैकी आकड्यात.

"खांदा, दोन," ती म्हणायची. दर शनिवारी खांदा, दोन.

"झिरो," मी म्हणायचे.

सुरण

पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी आईला फोन केला. डॉक्टरला नाही, नवऱ्याला नाही, नागपूरला आईला. आपल्याकडे 'पोट साफ झालं का' हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर विचारला जातो. माझे बाबा तर पाहुण्यांसमोरही या विषयावर सविस्तर बोलतात. पण त्या प्रश्नाला उत्तरं दोनच, हो किंवा नाही. रक्त पडतं, हे उत्तर त्यात बसत नाही.

आई म्हणाली, "उष्णता पडली असेल गं. मूळव्याध ती. तुझ्या बाबांना नाही का होत? सुरण खा, सब्जा भिजत घाल, तिखट बंद कर. आणि जावयांना कशाला सांगतेस असलं काही? घाण वाटतं ते."

मी सुरण खाल्लं. इंडियन स्टोअरमध्ये ते गोठवलेल्या चौकोनी तुकड्यांचं मिळतं आणि वितळताना त्याला ओल्या मातीचा वास सुटतो. भाजी केली, कापं केली, भरीत केलं. नागपूरहून येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर आईने चूर्ण पाठवलं, तेही खाल्लं. नितीन ताटाकडे बघून म्हणायचा, "आज परत सुरण?" मी म्हणायचे, "कॅल्शियम असतं त्यात." रेवा म्हणायची, "आई, धिस टेस्ट्स लाइक मड." तिचं बरोबर होतं.

दिवसाला चार वेळा जायचे, ते आठ वेळा झालं, मग मोजणं सोडलं. फ्रिस्कोतल्या कुठल्या दुकानात कडी लागते आणि कुठल्या गॅस स्टेशनवर पाय ठेवू नये हे मला तोंडपाठ झालं. वजन उतरलं तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायका कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, किती बारीक झालीस! काय करतेस? इंटरमिटंट फास्टिंग?" मी हो म्हटलं. एकीने माझ्याकडून वेळापत्रकही लिहून घेतलं. रक्त हगून बारीक झालेल्या बाईकडून डाएटचा सल्ला घेतला हे तिला आज कळलं तर कळू दे.

मला तेव्हा भीती वाटत होती का, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर नाही. मला शिसारी वाटत होती, आणि शिसारीने भीतीला जागाच ठेवली नव्हती. घाबरलेला माणूस निदान मदत मागतो. शिसारी आलेला माणूस दार लावून घेतो, एक्झॉस्ट फॅन सुरू करतो आणि बाहेर येऊन हसतो. मी तेच केलं. ज्या बाईला कामावर अर्ध्या सेकंदाचा विलंब लपवलेला चालत नाही, ती बाई सात महिने स्वतःच्या घरात असा विषय लपवून बसली.

शनिवार

लीगची सेमीफायनल होती. मागच्या रेषेपाशी तोमोएने विचारलं. मी काळी शॉर्ट्स घातली होती, आत दोन पॅड होते आणि सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. "झिरो," मी म्हटलं.

दुसऱ्या गेममध्ये नेटजवळचं एक शटल उचलायला मी खाली वाकले आणि पोटात कळ आली. वाटलं, वायू असेल. तो वायू नव्हता.

पायावरून ओघळ आला आणि कोर्टवर सांडला. रक्त, आव, पाणी, सगळं. ट्यूबलाइटच्या त्या पांढऱ्या उजेडात हिरव्या मॅटवर ते किती लाल दिसलं ते मी विसरू शकत नाही. समोरच्या जोडीतली एक बाई नाकावर हात धरून मागे सरकली. शेजारच्या कोर्टवरचा खेळ थांबला. मी रॅकेट धरून तशीच उभी राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलेलं वाक्य मला तेव्हा अक्षरशः कळलं.

तोमोए आली. स्वतःचा टॉवेल माझ्या कमरेला बांधला. बॅगेतून दुसरा काढला आणि गुडघ्यांवर बसून जमीन पुसायला लागली. क्लबाचा मॉप कोपऱ्यातच होता. तिने तो घेतला नाही. कडेकडून मधे ओढत, घडी बदलत, पुन्हा ओढत, अठराव्या वर्षी शिकलेल्या हाताने ती माझी घाण पुसत होती आणि मला तिच्या अंगावर ओरडून 'हात लावू नकोस' म्हणायचं होतं.

तिने मला स्वतःच्या गाडीत घालून इमर्जन्सीला नेलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"तू झिरो म्हणालीस."

"सॉरी."

"सॉरी नको. आज झिरो म्हणालीस. मागच्या शनिवारी झिरो. त्याच्या मागच्या शनिवारी झिरो."

ती चिडलेली होती. मला धीर वगैरे काही दिला नाही. नितीन धावत आत आला तशी ती उठली आणि निघून गेली.

नितीनने विचारलं, "कधीपासून?"

"सात महिने."

"म्हणजे ते सुरण..."

"हो."

"सात महिने मी ते सुरण खाल्लं, यार मंजू," तो म्हणाला. हसेल असं मला वाटलं. तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडला.

टोपी

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, शरीर स्वतःवरच उलटतं. याहून जास्त मला सांगता येत नाही, ते डॉक्टरांना विचारा. मला सांगितलं गेलं ते असं: काही दिवस शिरेतून औषध देऊन बघू. उतार पडला तर घरी. नाही पडला तर मोठं आतडं काढून टाकावं लागेल आणि पोटावर पिशवी येईल. सोबत एक रंगीत पत्रक दिलं. त्यावर समुद्रकिनाऱ्यावर हसणारी एक गोरी बाई होती. मी पत्रक पालथं घातलं आणि मनाशी ठरवलं की मरेन, पण पिशवी लावणार नाही.

हॉस्पिटलचा दिवस पहाटे पाचला रक्त घेण्यापासून सुरू होतो. मग तापमान, मग गोळ्या, मग सात तरुण डॉक्टर पलंगाभोवती उभे राहून तुमच्या शौचाबद्दल आदराने बोलतात. समोरच्या फळ्यावर शून्य ते दहा असे दुखण्याचे आकडे आणि त्यांच्याखाली हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं. मी दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे. जेवणात लाल जेली. ते रक्ताच्या गाठीसारखं थरथरणारं काहीतरी रक्त पडणाऱ्या माणसासमोर ठेवायची अक्कल कुणाची, हा प्रश्न मला अजून पडतो.

आणि टोपी. कमोडच्या सीटखाली एक प्लास्टिकचं भांडं बसवतात. तुम्ही केलेलं सगळं त्यात पडतं आणि नर्स ते मोजून लिहून ठेवते. दिसतं उलट्या टोपीसारखं, म्हणून तिथे सगळे त्याला 'हॅट' म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.

माझी दिवसपाळीची नर्स होती डोलोरेस. माझ्या आईच्या वयाची, गळ्यात साखळीने अडकवलेला चष्मा. पहिल्या दिवशी तिने ती भरलेली टोपी दोन्ही हातांत धरून, काहीतरी गुणगुणत माझ्यासमोरून नेली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याला लहानपणापासून काय शिकवतात? मोठ्यांना पाय लागला तर नमस्कार करायचा. आपलं उष्टं ताट त्यांना उचलू द्यायचं नाही. आणि इथे आईच्या वयाची बाई माझा मैला उजेडात धरून मोजते आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी टोपी स्वतः रिकामी करायला लागले. सलाइनचा स्टँड एका हातात, टोपी दुसऱ्या. ओतायचं, फ्लश करायचं, ग्लासाने पाणी घालून विसळायचं, कागदाने पुसून परत जागेवर ठेवायचं. डोलोरेस यायची, "एनिथिंग फॉर मी, हनी?" मी म्हणायचे, "जस्ट अ लिटल. आय फ्लश्ड इट, सॉरी." ती लिहायची, एक. दिवसअखेर दोन किंवा तीन.

यात मोठ्यांचा मान किती आणि पिशवीची धास्ती किती हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणू शकते. माहीत होतं. अर्धं अर्धं होतं.

चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर कागद बघून म्हणाले, "आकडे सुधारताहेत. रक्ताचे रिपोर्ट तेवढे जुळत नाहीत. अजून दोन दिवस बघू, मग कदाचित घरी." नितीनने तिथूनच नागपूरला फोन लावला. आई म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. पोट ढोलासारखं ताणलं होतं.

कोपरा

पाचव्या दिवशी दुपारी नितीन रेवाला शाळेतून आणायला गेला होता. मी बाथरूममध्ये टोपी विसळत होते. दार अर्धं उघडं राहिलं होतं. मान वर केली तर तोमोए उभी.

"काय करतेस?"

"साफ."

"नर्स कुठे आहे?"

"तिला कशाला ते..." पांढऱ्या प्लास्टिकच्या कडेला लाल रेघ होती. तिने ती बघितली, मग फळ्यावरचा हसरा चेहरा बघितला.

"तिला किती सांगतेस?"

तिने मला धरून पलंगावर बसवलं, स्वतः खुर्ची ओढली आणि बोलायला लागली. गुंडाळायला पट्टी नव्हती तरी बोलली. तिचं एवढं बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"मॅचआधी कुठे दुखतंय ते सांगायचं, हा माझा नियम नाही. रिएचा. ती दर वेळी विचारायची. मी शेवटचे चार महिने झिरो म्हणत होते. खांदा आतून फाटला होता. दुसऱ्या गावात जाऊन गुपचूप इंजेक्शनं घेत होते. राष्ट्रीय संघाची निवड होती. कळलं असतं तर माझी जागा गेली असती."

"मग?"

"निवडीची मॅच. शटल उंच आलं, माझ्या मागच्या उजव्या कोपऱ्यात. सोपं होतं. माझा हात वर गेला नाही. रिए पुढे होती. तिला वाटलं मी घसरले, म्हणून ती माझ्या कोपऱ्यात धावत आली. उडी मारली. उतरताना गुडघा फिरला. आवाज आला." तिने दोन बोटं एकमेकांवर दाबून कड् केलं. "ती परत खेळली नाही. सत्तावीस वर्षांची होती."

"ती तुला काही म्हणाली?"

"म्हणाली. स्ट्रेचरवर. मला विचारलं, तुला कुठे लागलं?"

"तू काय सांगितलंस?"

"झिरो."

पुढे दोन वर्षं ती दुसऱ्या जोडीदारणीबरोबर खेळली आणि बहुतेक सगळं हरली. कंपनीने तिला पूर्णवेळ खोक्यांच्या ऑर्डरींवर बसवलं. मग टेक्ससची ही नोकरी. रिएला खांद्याचं नंतर डॉक्टरांकडून कळलं. तोमोए तिला दर नव्या वर्षाला कार्ड पाठवते. उत्तर येत नाही.

"आत्ता तुझ्या कोपऱ्यात कोण धावतंय?" तिने विचारलं.

खिडकीशी नितीनची ऑफिसची बॅग होती. खुर्चीच्या पाठीवर त्याचा कालचाच शर्ट, टेबलावर रेवाचा न धुतलेला डबा. पाच दिवस तो पलंगाशेजारच्या आरामखुर्चीत झोपत होता आणि मी बरी होत आहे असं सगळ्यांना सांगत होता. मी बेल दाबली.

डोलोरेस आली. मी म्हटलं, "सतरा वेळा. कालपासून. सगळं रक्तच. आणि दुखणं आठ आहे, दोन नाही. मी टोपी धुऊन ठेवत होते."

तिने चष्मा काढला. मला वाटलं आता 'ओ हनी' म्हणेल. ती चांगलीच तापली होती. "ते माझं काम आहे," ती म्हणाली. "तुम्ही माझं काम मला करू दिलं नाहीत." आणि झपाझप बाहेर गेली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. एक्स-रे झाला, सर्जन आले, कागद आले. मी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं आतडं काढलं. सर्जननी नंतर नितीनला सांगितलं की ते ओल्या टिश्यू पेपरसारखं झालं होतं, हातातच फाटत होतं. अजून दोन दिवस बघितले असते तर ते आतच फुटलं असतं.

पिशवी

शुद्धीवर आल्यावर दोन दिवस मी पोटाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बघितलं. पोटाच्या कातडीतून आतड्याचं लालभडक टोक बाहेर आलेलं असतं, ओठांसारखं ओलं, आणि ते आपोआप हलतं. त्यावर पिशवी. ती फुगते, ती आवाज करते, आवाज कधी करायचा हे तिचं तीच ठरवते. एकदा मीटिंगमध्ये तिने असा काही आवाज काढला की सगळ्यांनी स्वतःचे माइक तपासले.

घरी आल्यावर मी नितीनला दुसऱ्या खोलीत झोपायला सांगितलं. पिशवी बदलताना दार लावायचे. आठव्या दिवशी चिकटपट्टी सुटली आणि सगळं पलंगावर आलं, तेव्हा हाक मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "नितीन, ये. सगळं सांडलंय," मी म्हटलं. सात महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं तेच वाक्य. तो आला, त्याने बघितलं, बाथरूमकडे धावला आणि सिंकमध्ये भडाभडा ओकला. मी ऐकत पडून होते. नळ सुटला, बंद झाला. मग तो तोंड पुसत परत आला.

"सॉरी," तो म्हणाला. "आता सांग. पहिलं काय पुसायचं?"

आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. त्यात तो मला पुष्कळ काही गोड बोलला असेल, मला त्यातलं फारसं आठवत नाही. हे आठवतं. त्याला किळस आली आणि तो परत आला. त्या रात्रीपासून तो आमच्या खोलीत झोपायला लागला.

रेवाने स्वतःहून बघायला मागितलं. बघून म्हणाली, "ओके. दॅट इज रियली ग्रॉस, आई." मग थोडा विचार करून, "कॅन यू स्टिल ड्राइव्ह मी टू बॅडमिंटन?" मी हो म्हटलं. तिच्या दृष्टीने विषय संपला.

मंडळातल्या एक काकू मऊ भात आणि तूप घेऊन आल्या. भाताबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण निघताना त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मनात काही साठवून ठेवलं होतंस का गं? पोटाचे आजार तिथूनच येतात." म्हणजे आतडं सडलं ते सडलं, वर दोषही माझाच. मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि गाऊन वर करून त्यांना पिशवी दाखवली. "यात साठवते, काकू," मी म्हटलं. त्या परत आल्या नाहीत. भाताची मात्र आठवण येते.

नागपूरला मी बाबांनाच फोनवर घेतलं. किती वर्षं, किती वेळा, रंग कसा, सगळं विचारलं. आई मागून "अगं, काय हे!" म्हणत राहिली. बाबांना तपासणीला जावं लागलं. त्यांची खरोखरच मूळव्याध निघाली. ते अजून माझ्यावर रुसलेले आहेत आणि अजून सुरण खातात. खाऊ देत.

मागची रेषा

आठ महिन्यांनी सर्जननी खेळायची परवानगी दिली. जोर बेताचा, पोटाला रुंद पट्टा, उडी बिलकुल नाही. पहिल्या शनिवारी क्लबला गेले. तेच कोर्ट होतं. समोर त्या दिवशी नाकावर हात धरलेलीच बाई होती, नशीब बघा. तिने मला हसून हात केला आणि मी मॅटवर डाग राहिलाय का ते बघितलं. राहिला नव्हता.

मागच्या रेषेपाशी तोमोए समोर उभी राहिली. "कुठे?"

"पोट, तीन," मी म्हटलं. "पिशवी पाव भरलीय. ती इथे सुटेल ही भीती, आठ."

तिने मान हलवली. आता ती नेहमीचं म्हणेल म्हणून मी वळायला लागले. ती रॅकेटकडे बघत होती.

"खांदा, सहा," ती म्हणाली.

"आज काय झालं?"

"आज नाही. सोळा वर्षं. सहा."

दर शनिवारी दोन. कधी तीन नाही, कधी एक नाही. जो आकडा कधीच हलत नाही तो कुणी मोजलेला नसतो, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवते. आणि ही बाई, जिने मला हॉस्पिटलात पलंगावर बसवून ते सगळं ऐकवलं, ती त्याच तोंडाने दर आठवड्याला मला दोन सांगत होती. मला तिचा असा संताप आला की पोटावरच्या पट्ट्यावर हात ठेवावा लागला.

"खोटारडी," मी मराठीतच म्हणाले.

तिला कळलं. "हो," ती म्हणाली.

पलीकडच्या जोडीने शटल उचललं होतं. आम्ही अजून रेषेवरच.

"उंच आलेलं मी घेते," मी म्हटलं.

"तू उडी मारायची नाहीस."

"आणि तू हात वर करायचा नाहीस."

"नाही."

"मग मागच्या कोपऱ्यात उंच आलं तर?"

तिने कोचसारखा विचार केला. नऊ वर्षं त्या एका नावाने खेळलेली, घाम पुसण्यापासून राष्ट्रीय संघाच्या दारापर्यंत गेलेली बाई कपाळाला आठी घालून खरोखर विचार करत होती.

"पडू दे," ती म्हणाली.

पहिलंच शटल उंच आलं, बरोबर तिच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात. माझा पाय उचलला गेला होता, तो मी खाली ठेवला. तिचा हात खालीच होता. आम्ही दोघी आपापल्या जागी उभ्या राहून ते पडताना बघत राहिलो. आत पडलं. पॉइंट त्यांचा.